पंधरा की पन्नास

दिवाळीच्या पाडव्याला एक माजी विद्यार्थी घरी आला. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, आणि सणावाराला मुलं येत असतातच. हा नवापुऱ्यात राहतो. आईने दिलेला चकल्यांचा डबा घेऊन आला होता. आमच्या कॉलेजात फिटरचा दोन वर्षांचा कोर्स करून तो मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. चहा झाला, आईची चौकशी झाली, तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, “मॅडम, माझ्या हातून एक जॉब वाया गेला.”

झालं होतं असं. मशीन बसवायला बाहेरगावाहून एक इंजिनियर आले होते. गुजराती त्यांना येत नव्हतं, हिंदी जेमतेम. अ‍ॅल्युमिनियमच्या एका कव्हरला एम-एटचे, म्हणजे आठ मिलिमीटरचे, बोल्ट लावायचे होते. “टाइटन टु फिफ्टीन,” एवढं सांगून ते पलीकडच्या मशीनकडे वळले. ह्याने ऐकलं फिफ्टी. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की आवाज करणारा पाना, पन्नास न्यूटन-मीटरवर लावला आणि पिळायला घेतला. रेंचचा ‘कट्’ असा आवाज यायच्या आधीच कव्हरमधले आटे उडाले. कव्हर भंगारात गेलं.

मी विचारलं, “पन्नास जास्त होतात असं वाटलं नाही तुला?”

“वाटलं ना. हाताला कळत होतं.”

“मग विचारायचं होतंस त्यांना.”

तो डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाला, “काय बोलून विचारायचं, मॅडम?”

ह्या मुलाला माझ्या तोंडी परीक्षेत पन्नासपैकी बेचाळीस मार्क होते. परीक्षा मीच घेतली होती, अभ्यासक्रमही मीच लिहिला होता. त्या रात्री मी तो काढून पुन्हा वाचला. साठ तासिका, बारा प्रकरणं. स्वतःची ओळख, माझं कुटुंब, माझं गाव, काळांचा तक्ता, अर्ज लिहिणे, बायोडेटा, गटचर्चा, मुलाखत. सगळं नेटकं होतं. पण ‘मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, ते साठ तासिकांत कुठेच नव्हतं.

थोडं कॉलेजबद्दल सांगते. आमच्याकडे फिटर, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन-एसी आणि केमिकल प्लांट ऑपरेटर असे चार ट्रेड आहेत. मुलं बहुतेक दहावी झालेली, गुजराती माध्यमातली. वाघोडिया, पादरा, करजणकडून बसने येणारी. वर्गात चार-पाच मराठी घरांतली असतात, काही उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांची. सरकारी एम्प्लॉयबिलिटी स्किल्समध्ये थोडं इंग्रजी असतं. त्याशिवाय ‘वर्कप्लेस इंग्लिश’ असा आपला वेगळा विषय असावा, ही प्राचार्यांची इच्छा, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजी साहित्य शिकलेली. कारखान्याच्या आत तोवर फक्त एकदा गेले होते, तेही लहानपणी बाबांचा डबा द्यायला, गेटच्या जेमतेम पाच पावलं आत.

डिसेंबरात प्राचार्यांकडून पत्र घेतलं आणि अकरा दिवस कारखान्यांत जाऊन बसले. मकरपुऱ्यात दोन, सावली रस्त्यावर ट्रान्सफॉर्मरचा एक, आणि नंदेसरीला रसायनांचा एक. डोक्यावर हेल्मेट, हातात शंभर पानी वही. ठरवलं होतं, एकच करायचं: इंग्रजी कुठे दिसतं आणि कुठे ऐकू येतं तेवढंच टिपायचं. किती वाजता, कोण कोणाला बोललं, काय काम चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी माझा पाया हलला. मी समजत होते की मुलांना इंग्रजी बोलता यायला हवं. शॉप फ्लोअरवर इंग्रजी जवळजवळ कोणी बोलतच नव्हतं. हिंदी, गुजराती, मधूनच भोजपुरी, आणि दोन मराठी माणसं भेटली की मराठी. इंग्रजी होतं ते कागदावर. जॉब कार्डावर, चेकशीटवर, ‘होल्ड’, ‘रीवर्क’, ‘रिजेक्ट’ अशा टॅगांवर, पॅनलच्या पडद्यावर, ड्रमच्या लेबलवर, पाळी बदलताना भरायच्या रजिस्टरात. तोंडी इंग्रजी दिवसाकाठी दोन-तीनदाच लागायचं: बाहेरचा इंजिनियर आला, ऑडिट आलं, नाहीतर चेन्नई किंवा जर्मनीहून फोन आला तर. म्हणजे शंभर वेळा वाचायचं आणि क्वचित बोलायचं. आणि त्या क्वचित बोलण्यातही माहिती द्यायची वेळ कमी यायची, उलट विचारायची जास्त.

ह्या विषयावर काम केलेले लोक एक गोष्ट सांगतात. हचिन्सन आणि वॉटर्स यांनी १९८७ मध्ये ती मांडली: कामाला काय लागतं, विद्यार्थ्याकडे काय कमी आहे आणि त्याला स्वतःला काय हवंय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एम.ए.ला मी हे वाचून उत्तरपत्रिकेत लिहिलंही होतं. पण अर्थ कळला तो मकरपुऱ्यात, कंप्रेसरच्या आवाजात.

वहीतल्या सगळ्या नोंदी इथे देत नाही. दोन-तीन मात्र सविस्तर सांगायलाच हव्यात.

नंदेसरीच्या कारखान्यात एका पंपाजवळ पाटी होती: ‘डू नॉट ओपन अनटिल प्रेशर इज झिरो.’ माझ्यासोबत आमचीच दोन मुलं होती, तिथे ट्रेनिंगला आलेली. मी म्हटलं, वाचा. एकाने वाचलं आणि सांगितलं, “उघडायचं नाही.” दुसरा म्हणाला, “प्रेशर झिरो असेल तर उघडायचं नाही.” मी तिथेच उभी राहून विचार करत राहिले. आपण मराठीत काय म्हणतो? ‘दाब शून्य होईपर्यंत उघडू नका.’ अट आधी, क्रिया शेवटी. गुजरातीतही तसंच. आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं, म्हणून आपण टोकापर्यंत थांबतो; सगळी अट कानावरून गेल्यावरच काय करायचं ते कळतं. इंग्रजी वाक्य हुकमाने सुरू होतं आणि अट मागून येते. मुलं हुकूम वाचून थांबतात, कारण त्यांच्या कानाच्या हिशोबाने क्रियापद आलं की वाक्य संपलं. ‘अनलेस’ तर आणखी अवघड. ‘डू नॉट स्टार्ट अनलेस द गार्ड इज क्लोज्ड’ ह्यात एक नकार उघड आहे आणि दुसरा ‘अनलेस’च्या पोटात लपलेला.

शाळेत हे उभयान्वयी अव्ययांच्या यादीत येतं आणि रिकाम्या जागा भरून संपतं. मी त्यावर सहा तासिका ठेवल्या. पद्धत साधी आहे. सूचना फळ्यावर लिहायची आणि मुलांनी ती शेवटाकडून वाचायची. आधी अट शोधायची, तिच्याखाली रेघ मारायची, मग हुकूम. त्यानंतर ते वाक्य आपल्या भाषेत मोठ्याने म्हणायचं आणि समोरच्या व्हॉल्व्हवर तसं करून दाखवायचं. विमानांच्या देखभालीची पुस्तकं ज्या सोप्या तांत्रिक इंग्रजीत लिहितात, तिथे कृतीचं एक वाक्य वीस शब्दांच्या वर जाऊ देत नाहीत आणि एका शब्दाला एकच अर्थ ठेवतात. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे, बस्स. सूचना पाळायची असेल तर ‘ओबे’ लिहायचं. मोठमोठ्या कंपन्यांच्या तंत्रज्ञांसाठी लोक एवढी काळजी घेतात, मग अठरा वर्षांच्या मुलाला आपण ‘नॉटविथस्टँडिंग’ कशाला शिकवतो, असं मला फार वाटलं.

दुसरी नोंद पॅनलच्या पडद्यावरची. अलार्म वाजला की पडद्यावर दोन बटणं दिसतात, ‘अ‍ॅक्नॉलेज’ आणि ‘रिसेट’. नवा मुलगा ‘अ‍ॅक्नॉलेज’ दाबतो, भोंगा बंद होतो आणि त्याला वाटतं काम झालं. त्या शब्दाचा अर्थ ‘मी पाहिलं’ एवढाच. बिघाड आहे तिथेच असतो. तिथल्या जुन्या ऑपरेटरकाकांनी मला हे फार छान समजावलं: “बेन, ए तो टपाल मळ्यानी सही छे.” पत्र मिळाल्याची सही. पत्रात काय लिहिलंय ते अजून वाचायचंय. त्यांचं हे वाक्य मी जसंच्या तसं धड्यात घेतलंय, गुजरातीतच.

रसायनवाल्या मुलांसाठी लेबल हे वेगळं प्रकरणच केलं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत धोक्याचे शब्द दोनच: ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’. दोन्हींचा अर्थ आपण ‘धोका’ असाच सांगून मोकळे होतो, पण ‘डेंजर’ जास्त गंभीर आणि ‘वॉर्निंग’ त्याखालचा. सेफ्टी डेटा शीटचे, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा-माहितीच्या कागदाचे, सोळा विभाग ठरलेले असतात आणि त्यांचा क्रम बदलत नाही; प्रथमोपचार कायम चौथ्यात, हातमोजे-गॉगल कायम आठव्यात. इंग्रजी कच्चं असलं तरी चौथा विभाग कुठे हे बोटाने दाखवता येतं, आणि घाईच्या वेळी तेच लागतं. आणखी एक शब्द, ‘इन्फ्लेमेबल’. टँकरवर मोठ्या अक्षरांत असतो. ‘इन’ लागलं की उलटा अर्थ, असं आम्हीच मुलांना शाळेत शिकवतो: करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. मग हुशार मूल काय समजेल? न पेटणारं. नियम पक्का असलेलं मूल इथे हमखास चुकतं. म्हणून ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्ही म्हणजे पेटणारं, हे आम्ही पहिल्याच दिवशी भिंतीवर लावलं.

रजिस्टरांबद्दल. चारही ठिकाणी पाळीच्या रजिस्टरात पानंच्या पानं ‘चेक्ड, ओके’ने भरलेली. मी एका सुपरवायझरना विचारलं, ह्यात तुम्हाला खरं काय हवं असतं? ते म्हणाले, तीन गोष्टी: काय झालंय, तू काय केलंस, आता काय उरलंय. घरी येऊन मी ती तीन वाक्यं लिहिली. ‘पंप टू इज लीकिंग. आय टाइटन्ड द ग्लँड. इट इज स्टिल लीकिंग.’ (ग्लँड म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती गळती रोखणारा भाग.) आणि लक्षात आलं की मुलांना लागणारे सगळे काळ ह्यात आलेच. चालू वर्तमान, साधा भूत आणि एक ‘स्टिल’. बारा काळांचा तक्ता मी त्याच रात्री काढून टाकला. वीस वर्षं तो शिकवत आले होते, तरी वाईट वाटलं नाही. ही तीन वाक्यं मुलं आता रोज वर्कशॉप सुटताना खरोखर घडलेल्या कामाबद्दल लिहितात. सुरुवातीला दहा मिनिटं लागायची, आता तिनात होतात.

आता आकड्यांकडे येते, कारण सगळं सुरू झालं तिथून.

मराठीत पंधरा आणि पन्नास, तेरा आणि तीस, सतरा आणि सत्तर. ‘सतरा-सत्तर’ जरा जवळचे वाटतात, पण आपला कान त्यांत चुकत नाही. इंग्रजीत मात्र ‘टीन’ आणि ‘टी’ एवढाच फरक, आणि तो शेवटच्या ‘न’पेक्षा जास्त आघातावर असतो. ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर, ‘फिफ्टी’मध्ये सुरुवातीच्या ‘फिफ्’वर. त्यात ‘फिफ्टीन नट्स’ असं लगेच पुढे काही आलं की जोर पुन्हा सरकतो आणि शेवटचा ‘न’ पुढच्या ‘न’मध्ये बुडून जातो. कंप्रेसर चालू असताना तर विचारूच नका. मी वर्गात फोनवर मशीनचा आवाज लावून आकडे सांगितले. चोवीस मुलांत एकालाही दहापैकी दहा आले नाहीत. मग मी स्वतः बसले आणि एका सहकाऱ्याला आकडे सांगायला लावले. माझेही दोन चुकले. म्हणजे हा कच्च्या इंग्रजीचा दोष नव्हताच. त्या शब्दांतच ती खोड आहे.

उपाय जुनाच आहे. वैमानिक आणि कंट्रोल टॉवर रेडिओवर आकडे सुटे-सुटे बोलतात आणि ऐकणारा ते परत म्हणून दाखवतो. तीच सवय आम्ही लावली. आकडा ऐकला की परत म्हणायचा आणि सुटा करून म्हणायचा: ‘फिफ्टीन. वन फाइव्ह?’ समोरचा ‘येस’ म्हणेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. दशांशही तसाच, ‘झिरो पॉइंट झिरो टू’. आपल्या व्हर्नियरवर एवढंच तर मोजतो आपण, दोन शतांश मिलिमीटर. एक शून्य ऐकायचं राहिलं की जॉब गेला.

ह्यावरून अभ्यासक्रमाचं पहिलं पान ठरलं. आधी तिथे ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ होतं. आता चार वाक्यं आहेत. ‘सॉरी सर, आय डिड नॉट अंडरस्टँड.’ ‘प्लीज शो मी वन्स मोअर.’ ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?’ ‘कॅन आय चेक अँड टेल यू?’ पहिला आठवडा फक्त हीच. व्याकरण नाही, अर्थ लिहून घेणं नाही. उभं राहून, मान वर करून, मोठ्या माणसाला विचारायचं. शेवटचा भाग सगळ्यांत जड गेला. आमच्या मुलांना घरात, शाळेत, सगळीकडे हेच शिकवलेलं असतं की मोठ्यांनी सांगितलं की ‘हो’ म्हणायचं. न कळता मान हलवणं हे त्यांच्या दृष्टीने चांगलं वागणं आहे. त्याच्यावर नुसतं इंग्रजी लादून भागत नाही. आपल्या भाषेतही विचारायची सवय नसलेल्या मुलाला इंग्रजीत विचार म्हणणं किती अवघड असेल! म्हणून आम्ही आधी दोन दिवस हे गुजराती-हिंदी-मराठीत केलं. वर्कशॉपच्या सरांना मुद्दाम अर्धवट सूचना द्यायला सांगितल्या आणि मुलांनी त्या अडवायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्ग नुसता दणाणत होता.

ह्या आपल्या भाषेवरून कॉलेजात वाद झाला. एका सहकाऱ्यांचं ठाम मत की इंग्रजीच्या तासाला दुसरा शब्द ऐकू येता कामा नये. त्यांची कळकळ मला कळते. ते स्वतः खेड्यातून येऊन असेच शिकले. पण मी रोज स्कूटरवर कलाभवनावरून जाते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते तंत्रशिक्षणासाठी सुरू केलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते आणि तंत्रशिक्षण देशी भाषेतून द्यायचं हा त्यांचा आग्रह. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, तो आठ भाषांत. इंग्रजी त्यात होतीच. तिला कोणी बाहेर काढलं नाही. बाकीच्या सात शेजारी बसवल्या, एवढंच. ज्या गावाने शंभर वर्षांपूर्वी हे केलं, तिथे मी ‘अनलेस’चा अर्थ इशाऱ्यांनी का समजावू?

आणि माझ्यापाशी आणखी एक दाखला आहे. बाबा टर्नर होते, मराठी सातवी शिकलेले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक लाल डायरी असायची, ते गेल्यावर आईने मला दिली. त्यात देवनागरीत इंग्रजी शब्द आहेत आणि पुढे त्यांचे स्वतःचे अर्थ. ‘टॉलरन्स – किती सूट.’ ‘फिनिश – हात फिरवून बघणे.’ ‘अर्जंट – आज.’ ‘मोस्ट अर्जंट – काल.’ कडांना तेलाचे डाग आहेत, एका पानावर आख्खा अंगठा उमटलाय. मी नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलाला खिशात मावेल एवढी डायरी दिली, एका डायरीचे बारा रुपये. शब्द पुस्तकातला उतरवायचा नाही. दिवसभरात कामावर जो अडला तोच, आपल्या लिपीत, आपल्या अर्थासकट. एका मुलाने लिहिलं होतं, ‘डिसमिस – आपला डिसमिस नाही, नोकरीतून काढणे.’ गुजरातेत स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. सुपरवायझर कोणाला तरी रागाने तो शब्द बोलले आणि हा ट्रॉलीतला स्क्रू ड्रायव्हर शोधायला धावला होता. असा शब्द कुठल्याही यादीत मला सापडला नसता.

मुलाखतीचं प्रकरण मी आधी काढलं होतं, मग परत घातलं. मुलांनीच मागितलं. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आत जाऊ तेव्हा ना पंपाचं लिहू.” त्याचं बरोबर होतं. कामाला काय लागतं ते मी अकरा दिवस बघून आले होते. त्यांना काय हवंय ते विचारायचं मात्र राहून गेलं होतं. फक्त स्वतःची ओळख आता ‘माय फादर्स नेम इज’ पासून सुरू होत नाही. ‘आय कॅन रीड अ ड्रॉइंग. आय कॅन यूज अ व्हर्नियर अँड अ मायक्रोमीटर.’ हाताला काय येतं ते आधी.

परीक्षा मार्चमध्ये झाली. पेपर नाही, टेबलावर काम. प्रत्येकाला सूचनेचं एक कार्ड, त्यातली एक गोष्ट मुद्दाम गाळलेली. न विचारता काम बरोबर केलं तरी पूर्ण मार्क नाहीत. ह्यावरही थोडी कुरकुर झाली, पण प्राचार्य पाठीशी उभे राहिले. परीक्षक म्हणून आमच्या शेजारचे एक निवृत्त इंजिनियर आले. ते भराभर बोलतात आणि मी त्यांना सावकाश बोलू नका असंच सांगितलं होतं.

इलेक्ट्रिशियनच्या वर्गात तीन मुली आहेत. त्यांतली एक वाघोडियाकडच्या गावातली, वर्षभर माझ्याशीही खालच्या मानेनेच बोलणारी. तिला कार्ड मिळालं: ‘कनेक्ट द वायर अँड स्टार्ट द मोटर.’ टर्मिनलचा नंबर गाळलेला. ती थोडा वेळ पॅनलकडे बघत राहिली.

“विच टर्मिनल, सर?”

“थर्टीन,” ते म्हणाले, तेही दुसरीकडे बघत.

“वन थ्री?”

“येस, येस.”

“थर्टीन. वन थ्री. ओके, सर.” तिने वायर लावली, स्क्रू आवळला, ओढून बघितली.

“नाऊ स्टार्ट,” ते म्हणाले.

ती हलली नाही. मला वाटलं, घाबरली. तिने बोट करून आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, दाखवला. त्याला ‘चालू करू नका’ अशा अर्थाचा लाल टॅग लटकत होता, सकाळी वर्कशॉपच्या सरांनी लावलेला आणि काढायचा राहिलेला. परीक्षेचा भाग नव्हताच तो.

“नो, सर. द टॅग इज स्टिल देअर.”

‘स्टिल’ तिने पंपाच्या वाक्यातून उचलला होता.

गुढीपाडव्याला तो नवापुऱ्याचा मुलगा पुन्हा आला. आता त्याचं बरं चाललंय. मी त्याला नव्या अभ्यासक्रमाची प्रत दाखवली, पहिलं पान वाचायला दिलं. त्याने चारही वाक्यं बोट ठेवून वाचली, मोठ्याने. ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो’शी थांबला, काही बोलला नाही. मग पेन्सिल मागितली.

“ह्यात एक कमी आहे, मॅडम. चूक झाली हे कसं सांगायचं?”

आम्ही दोघांनी बसून लिहिलं. ‘सर, आय मेड अ मिस्टेक. प्लीज कम अँड सी.’ त्याने ते दोनदा वाचलं आणि मध्ये आणखी दोन शब्द घातले, ‘आय स्टॉप्ड’.

“हे पाहिजे?” मी विचारलं.

“पाहिजेच. तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. पहिल्याचे आटे गेले तरी मी दुसरा बोल्ट पिळायला घेतला होता.”